पुलाखालचा आवाज

३ मार्च, सोमवार

आज संपादक बाईंनी माझ्या टेबलावर आणखी एक ओझं आणून टाकलं. मुलांचे कार्यक्रम बघून परीक्षणं लिहिणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा तिची कार्टूनं आता माझ्या गळ्यात. वीस वर्षं नाटकं आणि सिनेमे बघून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आता एक्कावन्नाव्या वर्षी उडणारी माणसं बघायची. म्हटलं, "बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." त्या म्हणाल्या, "नाटकातलं तरी कुठं कळत होतं?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, करतो काय.

यादी वाचली आणि हसू विरलं. पहिलंच नाव 'कवचधर', सातवं पर्व, भाग नववा. कवचधराचा आवाज म्हणजे आमचा दादा. चौदा वर्षं झाली. चित्रं बाहेरून तयार होऊन येतात आणि आपल्या भाषेतला आवाज इथं चढवतात. नायकाच्या तोंडावर लोखंडी मुखवटा असल्यामुळे ओठ दिसतच नाहीत. दादा म्हणतो, "माझं काम सगळ्यांत सोपं. ओठांशी जुळवायची कटकटच नाही, मला हवं तसं बोलतो."

बाईंना सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ, मी लिहिणं बरं दिसणार नाही. त्या म्हणाल्या, "मग जरा कडक लिहा, म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही." विषय संपला. संध्याकाळी दादाला मेसेज टाकून कळवलं. उत्तर नाही.

४ मार्च, मंगळवार

उत्तर आलं ते वहिनीकडून, फोनवर. "भावजी, हा भाग तुमच्याच हातात आला, फार बरं झालं बाई! ह्या एका भागावर सगळं ठरणार आहे."

काय ठरणार आहे ते मला ठाऊक आहे. पुढच्या पर्वासाठी वाहिनीला तरुण आवाज हवाय, अशी कुणकुण दोन महिने कानावर आहे. दादाला आता अठ्ठावन्न पूर्ण होतील. कवचधर गेला तर त्याच्याकडे उरतं काय? जाहिरातीत साबणाचा फेस कसा येतो ते सांगणं. तो कवचधर आहे म्हणून रस्त्यात पोरं त्याला अडवतात, आणि तो तेवढ्यावर जगतो, हे मी भाऊ म्हणून लिहितोय.

वहिनी पुढं म्हणाली, "रेकॉर्डिंगच्या वेळी तो दिग्दर्शक ह्यांना म्हणाला..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. "जाऊ दे. तुम्हाला काही सांगायचं नाही असं ह्यांनी बजावलंय. तुम्ही आपले ऐका आणि वाटेल ते लिहा."

फोन ठेवल्यावर माझं डोकंच फिरलं. वशिला लावायचा तो लावायचा, वर 'वाटेल ते लिहा' हा मोठेपणा! आणि दादाला स्वतः फोन करायला काय झालं होतं? बायकोला पुढं केलं.

६ मार्च, गुरुवार

दादाकडे जाऊन आलो. म्हटलं, जे काय आहे ते तोंडावर बोलून टाकावं. पण बोलणार कुणाशी, साहेबांनी मौन धरलेलं! रेकॉर्डिंगच्या आधी आवाजाला आराम म्हणून हे लोक एखादा दिवस बोलत नाहीत, ते मला माहीत आहे. पण दादाचा आजचा तिसरा दिवस, असं वहिनी म्हणाली. मी त्याला चिडवलं, "काय रे, पुढच्या भागात मुक्याचं काम करायचंय का?" तो हसला, पण तिरकाच हसला. राग आला असावा.

चहा पिताना त्याच्या हातातून कप निसटला. वहिनीनं लगेच फडकं आणून पुसलं, जणू फडकं हाताशीच ठेवलं होतं. दादानं दुसरा कप डाव्या हातानं घेतला. मी मनात म्हटलं, फार ताण घेतलाय ह्यानं त्या परीक्षणाचा.

निघताना त्यानं वहिनीला खूण केली. ती म्हणाली, "ह्यांचं म्हणणं, भाऊ म्हणून ऐकू नका. कान लावून ऐका. तुमच्याइतका ह्यांचा आवाज कुणी ओळखत नाही."

हे मात्र खरं आहे. लहानपणी दादा मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा आणि मी चुका काढायचो. एक काना इकडचा तिकडे झाला तरी मी पकडायचो आणि तो टपली मारायचा. त्याच्या आवाजाला वळण लागलं ते माझ्या खोडसाळपणामुळे, असं तोच चारचौघांत सांगतो. जिना उतरताना जरा बरं वाटलं. पण ठरवून टाकलं, की सूट म्हणून द्यायची नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज शुक्रवार म्हणजे माझा घाण्याचा दिवस. आठ कार्यक्रम, आठ परीक्षणं, पाचच्या आत. लोकांना वाटतं आम्ही मऊ खुर्चीत रेलून मजा बघतो. अहो, आठ कार्यक्रम जसेच्या तसे बघायचे तर आठवडा पुरणार नाही. आमच्यात सगळेच दीडपट वेगानं बघतात. दोन दिवसांत कानाला सवय होते, नंतर उलट साध्या वेगात माणसं पेंगल्यासारखी वाटतात. मी तर लोकांचे आवाजी निरोपही दुप्पट वेगानं ऐकतो. बावीस मिनिटांचा भाग पंधरा मिनिटांत उरकला.

भाग वाईट नाही. नाव 'पूल'. धरणाचं पाणी सुटतं, पुलाचा मधला खांब खचतो, आणि कवचधर खाली उभा राहून पूल खांद्यावर तोलून धरतो. वर गाड्या अडकलेल्या, एक शाळेची बस अर्धी बाहेर लोंबकळतेय. त्याला हलता येत नाही. हलला तर सगळे खाली. मग पूर्ण भागभर तो बसच्या ड्रायव्हरशी नुसता बोलतो. घाबरू नका, एकेका मुलाला मागच्या दारानं काढा, मी आहे. मारामारी नाही, उड्डाण नाही. म्हणजे सगळी मदार दादाच्या आवाजावर.

आणि तिथंच पंचाईत आहे. पूल खांद्यावर घेतलेला माणूस असा घडाघडा बोलेल का? कुठं दम लागलेला नाही, कुठं शब्द दाबला गेलेला नाही. दादा पाठ केल्यासारखा म्हणत सुटलाय. चौदा वर्षं तेच तेच करून येतो तो सफाईदारपणा.

दोन तास कागदापुढं नुसता बसलो. बाकीची सात परीक्षणं झाली, हे काही होईना. खरं लिहिलं तर वाहिनीच्या हातात आयतं कोलीत मिळणार. नाही लिहिलं तर मी कसला परीक्षक? शेवटी छातीवर दगड ठेवला आणि लिहिलं. पाचला दहा कमी असताना पाठवून दिलं. आज मला स्वतःबद्दल थोडा आदर वाटला, हेही इथं नोंदवून ठेवतो.

९ मार्च, रविवार

छापून आलं. कात्रण इथं चिकटवतोय:

"खांद्यावर अख्खा पूल, आणि बोलणं मात्र सकाळी फिरायला निघालेल्या माणसाचं! शब्द स्पष्ट, खणखणीत, एकापाठोपाठ एक. आवाजात जडपणाचा लवलेश नाही. चौदा वर्षांत हा आवाज तसूभरही बदललेला नाही, आणि आज नेमकं तेच खटकतं."

सकाळभर फोनकडे बघत बसलो. अकराला वहिनीचा आला. घसा खाकरून तयारच होतो, म्हटलं आता ऐकून घ्यायचं. तर वहिनी रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "भावजी, देव तुमचं भलं करो. ह्यांनी पाच वेळा वाचलं. पाच वेळा! मला म्हणाले, बघ, सांगत नव्हतो तुला?"

मी म्हटलं, "वहिनी, मी त्याला झोडपलंय."

"झोडपा हो! अजून झोडपा!"

मला काही कळेना. वाईट परीक्षण वाचून आनंदानं रडणारं घर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. दादाला माझ्या सचोटीचं कौतुक वाटलं असेल. मोठा माणूस आहे, उगाच नाही त्याला पोरं अडवत.

१० मार्च, सोमवार

भाग काल प्रसारित झाला, आणि आज मला शिव्या देणारी पत्रं. त्यात नवल नाही. एका शाळामास्तरीणबाईंनी दुपारी ईमेलवर लिहिलंय: "आपण कुठला भाग बघितलात? माझ्या वर्गातली मुलं सांगतात, की कवचधर एवढा थकला होता की त्याच्यानं बोलवत नव्हतं. एक मुलगी रडली. इतका सुंदर अभिनय आपल्याला ऐकू आला नाही, याचं आश्चर्य वाटतं."

संपादक बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "लोकांना हवं ते ऐकू येतं." अगदी बरोबर. मुलांना चित्रात पूल दिसला म्हणून आवाजात वजन भासलं. पत्र फाईलला लावलं.

१३ मार्च, गुरुवार

बाजारात वहिनी भेटली. चेहरा उजळलेला. म्हणाली, मंगळवारी एका ठिकाणी वेळ घेतली होती, मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती, पण ह्यांनी रद्द करायला लावली. "म्हणाले, आता कशाला? मला अजूनही जरा धाकधूक वाटते. पण म्हटलं, भावजींच्या कानाच्या वर कोण आहे?"

कसली वेळ ते विचारायचं राहिलं. घशाचा डॉक्टर असेल. ह्या लोकांना घशाचे फार लाड.

तिच्या पिशवीत पातळ खिचडीचे तांदूळ आणि मऊ केळी. दादाला म्हणे हल्ली गिळताना ठसका लागतो. मी म्हटलं, घाईघाईनं खातो तो, लहानपणापासूनची खोड आहे.

१९ मार्च, बुधवार

दादाचा आवाजी निरोप आला. मौन सुटलं एकदाचं! ऑफिसचा जिना चढता चढता ऐकला. "छोट्या, तू लिहिलंस म्हणून सुटलो. तू म्हणतोस तर सगळं ठीकच आहे. येऊन जा एकदा." आवाज नेहमीसारखाच. मी अंगठा पाठवला. ह्या रविवारी जमणार नाही, पुढच्या बघतो.

२७ मार्च, गुरुवार

दादाला पक्षाघाताचा झटका आला. सकाळी नऊला, न्हाणीघरात. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. अतिदक्षता विभागात आहे. आज काही लिहवत नाही.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टर तरुण आहे, पण नीट समजावून सांगतो. म्हणाला, हा पहिला झटका नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी एक छोटा येऊन गेलेला दिसतो. "तेव्हा काही जाणवलं नव्हतं का? जीभ जड होणं, शब्द ओढल्यासारखे येणं, हातातून वस्तू निसटणं? तेव्हाच आणलं असतंत तर औषधावर बहुधा निभावलं असतं."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "जाणवलं होतं हो." मग मला सगळं सांगितलं, त्या बाकावर बसून, पदराचं टोक पिळत.

रेकॉर्डिंगच्या वेळी दिग्दर्शकानं दादाला टोकलं होतं, की आज बोलणं ओढल्यासारखं येतंय, पण प्रसंगाला शोभतंय, राहू दे. वहिनीलाही घरात तसंच वाटत होतं. तिनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. दादा जायला तयार नव्हता. एकदा का वाहिनीला कळलं की ह्याच्या जिभेत काही बिघाड आहे, तर कवचधर गेलाच. शेवटी दोघांत ठरलं. छोट्याकडे भाग जातोय. त्याला काही सांगायचं नाही, भेटला तरी त्याच्यापुढं बोलायचं नाही. न सांगता त्याला ऐकू आलं, तर मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं. नाही आलं, तर तो सगळा आपल्या मनाचा खेळ.

"तुम्ही लिहिलंत, लवलेश नाही," वहिनी म्हणाली. "मग मीही गप्प बसले. पण भावजी, तुमचा काय दोष? तुम्हालाच ऐकू आलं नाही तर दुसऱ्या कुणाला येणार होतं? दुखणंच फसवं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "हो, फसवं." असं म्हणालो मी.

३१ मार्च, सोमवार

आज दुपारी ऑफिसात, कानाला हेडफोन लावून, भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. साध्या वेगात.

बावीस मिनिटं लागली.

तिसऱ्या मिनिटाला तो 'सगळ्यांनी' म्हणतो. तो शब्दच मुळी त्याला नीट म्हणता येत नाही. 'स' घसरतो, 'ळ' तोंडातच राहतो. सातव्या मिनिटाला ड्रायव्हरला तो म्हणतो, "मी आहे, मी कुठंही जात नाही," आणि 'कुठंही'च्या आधी थांबतो. तो अभिनय नाही. दादा तसा कधीच थांबत नाही. जीभ उचलायला त्याला वेळ लागतोय. पुढं पुढं तर प्रत्येक वाक्याचं शेपूट लोळतंय. चौदा वर्षांचं राहू दे, पन्नास वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. आंधळ्यालाही दिसावं इतकं उघड आहे. त्या मास्तरीणबाईंच्या पोरांना कळलं.

मग तो निरोपही ऐकला, साध्या वेगात. पुढचं लिहीत नाही.

संपादक बाईंनी विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, स्क्रीन. त्या म्हणाल्या, कवचधराच्या आवाजाबद्दल हळहळ व्यक्त करणारं काहीतरी लिहा, भावाच्या लेखणीतून आलं तर वाचकांना भिडेल. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, बघा, दोन दिवसांनी परत विचारीन.

३ एप्रिल, गुरुवार

दादाला साध्या खोलीत हलवलंय. समजतं त्याला सगळं, असं डॉक्टर म्हणतात. फक्त बोलणं परत येण्याची आशा फार धरू नका. वाहिनीनं फुलं पाठवली. नवा आवाज म्हणे ठरला.

नातेवाईक येतात आणि वहिनी प्रत्येकाला सांगते, "भावजींनासुद्धा ओळखू आलं नाही, तर आम्ही काय ओळखणार?" लोक माझ्याकडे बघून माना हलवतात. एका मावशीनं तर माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी उभा राहतो आणि ऐकून घेतो. चार दिवस असं चाललंय. हे मला आता सोसत नाही.

६ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं. हॉस्पिटलच्या उपाहारगृहात, दुपारी, वहिनी डबा उघडत होती तेव्हा. म्हटलं, "वहिनी, मी तो भाग नीट ऐकलाच नव्हता. वेगात पळवून बघितला. आम्ही सगळेच तसं बघतो. वेगात जड आवाजही खणखणीत वाटतो. नीट बघितला असता तर पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असतं."

तिला आधी कळलंच नाही. म्हणाली, "पळवून म्हणजे?" फोनवर दाखवलं. दादाचं एकच वाक्य आधी वेगात, मग साधं. तिनं परत लावायला सांगितलं. परत लावलं. मग तिनं डब्याचं झाकण लावून टाकलं.

वाटलं, ओरडेल, कानफटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बावीस मिनिटांचा भाग होता हो, भावजी."

आठ परीक्षणं होती हे उत्तर आहे का? तरी मी ते म्हणालो, लाज नाही म्हणून.

ती उठली. हात धुऊन आली आणि उभ्यानंच म्हणाली, "ह्यांना यातलं काही सांगायचं नाही. ते कात्रण त्यांच्या उशाशी आहे. रोज संध्याकाळी पाचला मी वाचून दाखवते. तेवढा वेळ शांत पडून राहतात. छोट्यानं माझा आवाज शेवटपर्यंत चांगला म्हटला, एवढंच आता त्यांच्यापाशी आहे. उद्यापासून तुम्ही या. तुम्ही वाचा."

"वहिनी, ते माझ्यानं नाही व्हायचं."

"होईल," ती म्हणाली. "नाही कसं होईल?"

९ एप्रिल, बुधवार

आज तिसरा दिवस. पाचला पोचतो, खुर्ची त्याच्या डाव्या बाजूला ओढतो, कारण उजवीकडचं त्याला नीट दिसत नाही. कात्रण छोटं आहे. मी सावकाश वाचतो.

सोमवारी आणि काल, 'जडपणाचा लवलेश नाही' हे वाक्य आलं की त्यानं डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणाली, "बघा, किती समाधान वाटतं." मला ते समाधान वाटत नाही. पण मला काय वाटतं याला आता काय किंमत आहे?

आज माझ्यानं राहवलं नाही. त्या वाक्यापाशी आलो आणि ते गाळून पुढच्यावर उडी मारली. वहिनी खिडकीपाशी औषधं लावत होती, तिच्या लक्षात आलं नाही. दादाच्या आलं. त्यानं डावा हात उचलला, माझ्या मनगटावर ठेवला आणि मान हलवली. नाही. मी विचारलं, "काय झालं, दादा?" त्यानं कात्रणावर बोट ठेवलं, नेमकं त्या ओळीवर. जागा चुकली नाही. डोळे माझ्यावर रोखलेले. मी पाणी पुढं केलं, त्यानं तोंड फिरवलं. बोट तिथंच.

मी ते वाक्य वाचलं. त्यानं बोट उचललं नाही. मग परत वाचलं, मोठ्यानं, प्रत्येक शब्द सुटा सुटा करून, आणि तो, लहानपणी मी त्याची चूक पकडायला बघायचो तसा, माझ्या तोंडाकडे बघत राहिला.